पिठाचा कोंबडा आणि रंगवलेला उंदीर

दशलक्षण पर्वातल्या दुपारच्या महिला-स्वाध्यायात गेली काही वर्षं एक विषय हमखास निघतो. मुलांच्या हातात मोबाईल असतो, मोबाईलवर कार्टून असतं आणि कार्टूनमध्ये नुसती मारामारी. मांजर उंदराच्या मागे, उंदीर मांजराच्या डोक्यात तवा घालतोय. अहिंसाव्रत सांगणाऱ्या घरात हे कशाला? यावर दोन उत्तरं ठरलेली आहेत. ज्येष्ठ बायका म्हणतात, बंद करा. सुना म्हणतात, अहो, ती नुसती चित्रं आहेत, खरा उंदीर कुठं मरतोय?

मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत. बंद करा म्हणणाऱ्यांनी ती चित्रं नीट बघितलेली नसतात. नुसती चित्रं आहेत म्हणणाऱ्यांना आपलीच एक जुनी गोष्ट आठवत नसते.

ती गोष्ट यशोधर राजाची. राजाला वाईट स्वप्न पडतं. आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे, अरिष्ट टळेल. राजा जीवहत्येला तयार नाही. मग मायलेक मधला मार्ग काढतात. पिठाचा कोंबडा करायचा आणि त्याचा बळी द्यायचा. हिंसाही नाही आणि आईचा शब्दही राहिला. पण कापताना मनात आलेला भाव कोंबड्याचाच होता, पिठाचा नव्हता. तेवढ्या एका संकल्पापायी त्या दोघांना जनावरांचे किती जन्म घ्यावे लागले हे आपण पुराणात ऐकलेलं आहे. कन्नड कवी जन्न यानं ही कथा 1209 मध्ये 'यशोधर चरिते' म्हणून लिहिली. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती 1204 ची, म्हणजे दोन्हींत पाचच वर्षांचं अंतर. पुढं गिरीश कर्नाडांनी याच कथेवर 'हिट्टिन हुंज' हे नाटक लिहिलं. सीमाभागात राहणाऱ्यांना नावाचा अर्थ सांगायला नको, पिठाचा कोंबडा.

तेव्हा 'नुसतं चित्र आहे' ही सबब आपल्याला चालणार नाही. पीठ चालत नसेल तर रंग आणि रेषा कशा चालतील? आपल्या शास्त्रानं द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असे दोन भाग केले ते यासाठीच. जीव गेला की नाही हा एक प्रश्न, आणि मनात काय होतं हा दुसरा. शिवाय कृत, कारित आणि अनुमोदना या तिन्हीला आपण सारखंच धरतो. स्वतः केलं, करवून घेतलं, किंवा दुसऱ्यानं केलेलं बघून बरं वाटलं. टीव्हीसमोर बसून हसणारं पोर यातल्या तिसऱ्या खान्यात येतं का, हा खरा प्रश्न आहे.

पण हाच नियम दुसऱ्या बाजूलाही लागू पडतो. प्रश्न भावाचा असेल, तर फटके मोजून निकाल देता येत नाही. प्रत्येक चित्रपटात भाव कुठला, कुणाला हसवलंय आणि हसून झाल्यावर मनात काय उरतं, हे बघावं लागतं. म्हणून मी हे जुने लघुपट बसून बघितले, काही दोन-तीनदा. नातवाबरोबर बघितले आणि एकटीनंही बघितले.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. ही कार्टूनं मुलांसाठी म्हणून केलेलीच नव्हती. 1928 मध्ये वॉल्ट डिस्नेचा 'स्टीमबोट विली' आला तिथपासून 1950 च्या दशकाअखेरपर्यंत अमेरिकेतल्या थिएटरांत मुख्य सिनेमाच्या आधी सहा-सात मिनिटांचं कार्टून दाखवायची पद्धत होती. समोर सगळ्या वयाची माणसं असत. दिवसभर राबून आलेला कामगार, त्याची बायको, कडेवरचं मूल. पुढं घरोघर टीव्ही आला, थिएटरातली ही पद्धत मोडली आणि हेच लघुपट मुलांच्या वेळात लावायला लागले. आपल्याकडं 1995 मध्ये कार्टून नेटवर्क सुरू झालं तेव्हा केबलवरून घरात शिरलेलं मांजर पन्नास वर्षांचं म्हातारं होतं.

ते मांजर म्हणजे टॉम. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी एमजीएम कंपनीसाठी 1940 ते 1958 या काळात टॉम आणि जेरीचे 114 लघुपट केले. त्यांतल्या सातांना ऑस्कर मिळालं. पहिल्या लघुपटात मांजराचं नाव जास्पर होतं, टॉम नंतर झालं. स्कॉट ब्रॅडलीचं संगीत असं, की बोलण्याची गरजच पडत नाही. पाय आपटला की ढोल, मिशी थरथरली की व्हायोलिन. म्हणून निपाणीतल्या पोराला ते इंग्रजी न येता कळतं.

आता हसू कुठून येतं ते बघा. टॉमची शेपटी दारात सापडते, तो किंचाळतो आणि आपण हसतो. ती किंकाळी मांजराची नसते, धडधडीत माणसाची असते. स्वतः हॅनाचाच तो आवाज. मला इथं कमल बस्तीतली नेमिनाथ भगवंतांची काळी मूर्ती आठवते. लग्नाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश कानावर आला आणि नेमिकुमार मांडवातून माघारी फिरले. त्यांचं वैराग्य कानातून आलं. टॉम जर खऱ्या मांजरासारखा ओरडला असता, तर पोरंही हसली नसती, रडली असती. हे त्या करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी जनावराचं दुःख काढून घेतलं आणि त्या जागी माणसाची फजिती बसवली. टॉम सपाट होतो, पुढच्याच क्षणी फुगून उभा राहतो. जखम टिकत नाही, रक्त निघत नाही. इथं आपण हसतो ते जीव दुखावला म्हणून नाही, बेत फसला म्हणून हसतो. दोन्हींत फरक आहे, आणि मूल तो फरक ओळखतं.

पण सगळ्याच लघुपटांत हा फरक पाळलेला नाही. 1952 चा 'द टू माउस्केटिअर्स' बघा. राजवाड्यात मेजवानी मांडलेली, टॉम पहारेकरी. मेजवानी राखली नाही तर डोकं उडेल अशी तंबी त्याला दिलेली. जेरी आणि पिल्लू उंदीर ती लुटतात. शेवटी दोघं रस्त्यानं मजेत खात चाललेले असतात, लांबवर गिलोटिनचं पातं वर दिसतं, ढोल वाजतो आणि पातं खाली येतं. टॉम परत उठत नाही. पिल्लू खांदे उडवल्यासारखं काहीतरी बोलतं आणि पुढं चालायला लागतं. याला ऑस्कर मिळालं. रंग, वेशभूषा, तलवारबाजी सगळं देखणं. तरी माझं मत असं, की हा खेळाचा नियम मोडणारा चित्रपट आहे. इतर वेळी टॉम स्वतःच्या लबाडीनं पडतो. इथं तो बिचारा नेमून दिलेली राखण करत होता, आणि त्याचा जीव गेल्यावर आपल्याला हसायला सांगितलंय. ती अनुमोदनाच झाली. नातवाला मी तो दाखवत नाही, आणि का दाखवत नाही तेही त्याला सांगितलंय.

याच जोडगोळीचा 1949 चा 'हेवनली पस' मात्र मी मंडळातल्या प्रत्येकीनं बघावा असं म्हणेन. टॉमच्या अंगावर जिन्यावरून पियानो येतो आणि तो मरतो. वर एक रेल्वे स्टेशन आहे, स्वर्गाला जाणारी गाडी उभी आहे. खिडकीवरचा कारकून मेलेल्या मांजरांची वही तपासतोय. टॉमची पाळी येते. कारकून म्हणतो, जन्मभर तू एका उंदराला छळलंस, तुला गाडीत जागा नाही. एक तास देतो. त्या उंदराची सही असलेलं क्षमापत्र घेऊन ये, नाहीतर खाली उकळती कढई आहे.

मी हे बघितलं आणि उठून बसले. हॉलिवूडच्या कार्टूनमध्ये क्षमावाणी! वर्षाचं वैर एका कागदावर मिटवायचं, तेही मुदतीत. टॉम काय करतो? आधी केक देतो. मग जेरीची खोटी सही करतो. आपणही क्षमावाणीला काय करतो? एकच ठरलेला निरोप दोनशे जणांना पाठवतो, आणि जिच्याशी खरोखर बोलणं बंद आहे, त्या जावेचं नाव त्यात नसतं. टॉमची खोटी सही पकडली जाते, आपली कोण पकडणार?

शेवटी टॉम अक्षरशः पाया पडतो, जेरी सही करतो, पण गाडी सुटलेली असते. कढईत पडतो तोच जाग येते. चुलीतला निखारा अंगावर उडालेला असतो, सगळं स्वप्न. टॉम धावत जाऊन जेरीला कवटाळतो, आणि जेरीला काही कळत नाही. तक्रार करायची तर इथं जागा आहे. टॉमची क्षमा भीतीतून आलेली आहे. कढई नसती तर तो गेला असता का? नसता गेला. भीतीची क्षमा उत्तम क्षमा नव्हे. पुढच्या लघुपटात तो पुन्हा उंदरामागे लागतोच.

पण याच चित्रपटात एक क्षण असा आहे, की तिथं हसू थांबतं. मेलेल्या मांजरांच्या रांगेत एक ओलं पोतं येतं. पोत्याचं तोंड सुटतं आणि आतून तीन पिल्लं बाहेर येतात. कुणीतरी ती पोत्यात घालून पाण्यात बुडवलेली. कारकूनसुद्धा हळहळतो. कोण बुडवतं पिल्लांना? उंदीर नाही, कुत्रा नाही, माणूस. सात मिनिटांच्या थट्टेत करणाऱ्यांनी हळूच दाखवून दिलं, की आमची तवे-कढयांची मारामारी खोटी आहे हे आम्हाला ठाऊक आहे, आणि खरी हिंसा कशी दिसते तेही ठाऊक आहे. ज्याला हा फरक कळतो, त्याच्या हातचं मी मुलाला निर्धास्त दाखवीन.

दुसरी गोष्ट लोभाची. वॉर्नर ब्रदर्सच्या चक जोन्सनं 1949 पासून रोड रनर पक्षी आणि त्याच्या मागे लागलेला कायोटी, म्हणजे आपल्याकडच्या कोल्ह्याचा भाऊबंद, यांचे लघुपट केले. जोन्सनं आपल्या पुस्तकात त्याचे नियम लिहून ठेवलेत. पक्षी कोल्ह्याला इजा करू शकत नाही, फक्त 'बीप बीप' करू शकतो. बाहेरची कुठलीही शक्ती कोल्ह्याला इजा करत नाही. तो पडतो ते स्वतःच्या धांदरटपणानं, नाहीतर ॲक्मे कंपनीकडून मागवलेलं सामान बिघडतं म्हणून. कर्मसिद्धान्त समजावून सांगायला यापेक्षा सोपं चित्र मला तरी माहीत नाही. भूक केव्हाच मागे पडलेली असते. त्या सामानाच्या पैशात दहा वेळा जेवण झालं असतं. पण हवाय तो पक्षीच. घरी रोज पार्सलं मागवणाऱ्या आपण सगळ्याजणी त्या कोल्ह्याला ओळखायला हव्यात. इथं हिंसेचा इरादा आहे, पण चित्रपट इरादा करणाऱ्याच्या बाजूनं नाही. दर वेळी इराद्याचं फळ इराद्यावरच येऊन पडतं.

याच जोन्सचा 1952 चा 'फीड द किटी' बघताना मात्र मला थेट यशोधर राजाच आठवला. एक दांडगा बुलडॉग. त्याच्या पाठीवर मांजराचं पिल्लू चढतं, नखांनी पाठ मळतं आणि तिथंच झोपतं. कुत्रा विरघळतो. मालकिणीनं बजावलेलं असतं, घरात आणखी एक वस्तू आणायची नाही. म्हणून तो पिल्लाला लपवतो. पिल्लू शिरतं पिठाच्या डब्यात. मालकीण बिस्किटं करायला घेते. पिल्लू केव्हाच बाहेर पडलेलं असतं, पण कुत्र्याला ते माहीत नाही. तो खिडकीतून बघतो, पीठ घुसळलं, लाटलं, साच्यानं कापलं, भट्टीत गेलं. अंगणात त्याच्या आसवांचं तळं होतं. मालकीण समजूत काढायला एक बिस्कीट देते, नेमकं मांजराच्या आकाराचं. कुत्रा ते हळूच पाठीवर ठेवतो आणि हुंदके देत निघतो.

यशोधरानं पिठात जीव बघितला तो कापण्यासाठी. या कुत्र्यानं पिठात जीव बघितला तो रडण्यासाठी. द्रव्य दोन्हीकडं पीठच. भाव उलटा. संकल्पानं पाप लागत असेल, तर अशा करुणेनं काही निर्जरा होत नसेल का? पंडितांनी याचं उत्तर द्यावं. मी एवढंच म्हणते, की नातू हे बघून हसला आणि त्याच वेळी त्याचे डोळे भरले. शेवटी पिल्लू म्याव करतं आणि मालकीण ते ठेवून घ्यायला परवानगी देते, तेव्हा त्यानं टाळ्या वाजवल्या.

आणखी एक गोष्ट आपल्या नजरेला पडेल. त्या मालकिणीला चेहरा नाही. दिसतात ते पाय आणि झगा. टॉम अँड जेरीतही तेच. घर झाडणारी, केरसुणी घेऊन टॉमला बाहेर घालवणारी कृष्णवर्णी बाई 1952 पर्यंत दिसत राहिली, ती बहुतेक वेळा पायांपुरतीच. तिचं बोलणं-चालणं गोऱ्यांनी काळ्यांची टवाळी करावी तसं होतं. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेनं त्याला हरकत घेतली, आणि पुढं टीव्हीसाठी तिचे आवाज बदलण्यात आले. ही खोट रंगांच्या झगमगाटात झाकून टाकू नये. टॉमची जखम क्षणात भरते. पण एका समाजाला कायम नोकराच्या पायांपुरतं दाखवलं, तर ती जखम भरत नाही. फटके मोजणाऱ्यांना ही हिंसा दिसतच नाही, कारण इथं कुणी कुणाला मारलेलं नसतं.

मग आपल्याकडं काय झालं? दादासाहेब फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज'मध्ये आगपेटीतल्या काड्या नाचवल्या होत्या. 1934 मध्ये 'प्रभात'नं 'जंबू काका' नावाचा कार्टूनपट काढला. आपल्या घरोघरच्या जंबूकुमारांनी मनावर घेऊ नये, जंबूक म्हणजे कोल्हा! पण रीतसर शिक्षण सुरू झालं ते 1956 मध्ये, मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात. शिकवायला आले क्लेअर वीक्स. डिस्नेकडं 'बॅम्बी'वर काम केलेले आणि मिशनरी आईबापांच्या पोटी भारतातच जन्मलेले. त्यांच्या हाताखाली राम मोहन यांच्यासारखी मंडळी तयार झाली. 1957 मध्ये जो चित्रपट बाहेर आला तो 'द बनियन डिअर'. जातकातली गोष्ट. गाभण हरिणीची पाळी येते, तेव्हा हरणांचा राजा तिच्याऐवजी स्वतः वध्यशिळेवर मान ठेवतो आणि राजाचं मन पालटतं.

विषय आपल्या मनासारखा. हॉलिवूडची लेखणी हातात आली आणि पहिलं चित्र काढलं ते करुणेचं, याचा मला अभिमान वाटतो. तरीही समीक्षा करायची तर खरं बोलायला हवं. हरीण सुंदर आहे, पण त्याला खोडी नाही. पहिल्या क्षणापासून ते पूज्यच आहे. मूल त्याला नमस्कार करील, त्याच्याशी खेळणार नाही. ही कसर 1974 मध्ये विजया मुळे यांनी भरून काढली. 'एक अनेक और एकता' दूरदर्शनवर आपण सगळ्यांनी बघितलंय. भीमसेन यांची चित्रं. पारध्याच्या जाळ्यात सापडलेल्या चिमण्या जाळ्यासकट उडतात, आणि जाळं कुरतडून देतात ते उंदीर. कुणी मरत नाही, कुणी कुणाला मारत नाही आणि तरी कंटाळा येत नाही. अहिंसा सांगताना चेहरा लांब करावा लागत नाही, हे एका मराठी बाईनं दाखवून दिलं.

आता उंदरावरूनच शेवटचं बोलते, आणि ते थोडं लागेल. आपली माणसं व्यापारी. दुकान आलं, धान्याची कोठी आली, माळे आले, वखारी आल्या, म्हणजे उंदीर आलाच. आमच्या लहानपणी लाकडी पिंजरा असायचा. रात्री खोबऱ्याचा तुकडा लावायचा आणि सकाळी पोरांनी पिंजरा उचलून गावाबाहेर ओढ्यापलीकडं सोडून यायचं. आता बाजारात चिकट पुठ्ठा मिळतो. तो माळ्यावर टाकतात. उंदीर त्याला चिकटतो आणि दोन-दोन दिवस तसाच चीं चीं करत मरतो. तो आवाज हॅनाचा नसतो. स्वाध्यायात रंगवलेल्या उंदराची चिंता करणाऱ्या किती घरांच्या माळ्यावर असा पुठ्ठा पडलेला आहे, हे ज्याचं त्यानं चढून बघावं. टॉमचा प्रत्येक सापळा फसतो. आपला फसत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कार्टून सरसकट बंद करू नका आणि सरसकट सोडूही नका. पोराशेजारी बसा. 'फीड द किटी' दाखवा, 'हेवनली पस' दाखवा, कोल्हा दाखवा, आपली चिमण्या-उंदरांची गोष्ट तर दाखवाच. बघून झालं की विचारा, तू कुणाला हसलास? आणि का? मूल बरोबर उत्तर देतं. मग त्यालाच बरोबर घेऊन माळ्यावर चढा, पुठ्ठा काढून टाका आणि लाकडी पिंजरा पुसून ठेवा. सकाळी ओढ्यापर्यंत जायचं काम पोरं आनंदानं करतात, आम्हीही करत होतो.